क्लिओथा बिनियनला विटांतलं काही कळत नाही

क्लिओथा बिनियनचं पोट सत्तेचाळीस वर्षं विटांवर भरलं. सेंट लुईसच्या उत्तर भागात पडक्या घरांना कधी तोटा नव्हता. कुणी गाव सोडून गेलं, कुणी मेलं, कुणाचं छप्पर गळायला लागलं, की वर्षा-दोन वर्षांत महापालिकेचं यंत्र येऊन घर लोळवून जायचं. मागे जो ढीग उरायचा, त्यावर क्लिओथा एक बादली उलटी टाकून बसायचा. डाव्या हातात वीट, उजव्या हातात बोथट कुऱ्हाड. चार फटक्यांत चारी बाजूंचा चुना झडला पाहिजे. पाचवा मारावा लागला तर समजायचं की अजून शिकायचंय. साफ झालेल्या विटा लाकडी फळ्यांवर पाचशे-पाचशेच्या थप्पीने रचल्या जायच्या आणि ट्रकात बसून दक्षिणेला जायच्या, तिकडच्या श्रीमंतांच्या अंगणात फरशी म्हणून. आमची घरं पडायची आणि त्यांची अंगणं सजायची. असो.

आता हे काम म्हणजे उकिरडे फुंकणं, असं पुष्कळांना वाटायचं. त्याहून वाईट म्हणजे चोरीचं वाटायचं, आणि त्यात अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे विटांचे चोर होते. रिकाम्या घराला आग लावायची, बंबवाल्यांनी जोरात पाणी मारलं की चुना सुटतो, मग दुसऱ्या दिवशी भिंत ढकलून विटा पळवायच्या. एवढी अक्कल मेल्यांनी चांगल्या कामाला लावली असती तर! पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. क्लिओथा बावीस वर्षांचा असताना पोलिसांनी त्याचा ट्रक अडवला. खिशात घरमालकाची चिठ्ठी होती. पोलिसाने ती वाचली, नीट घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकली. अकरा दिवस कोठडी. सुटून आला तेव्हा गल्लीतली पोरं ‘वीटचोर आला रे’ म्हणून ओरडली, आणि ते नाव त्याला पुढे वीस वर्षं चिकटलं. तो कुणाशी भांडला नाही, भांडखोर नव्हताच. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं, की विटा म्हटलं की या गावाने एक दिवस आपलं नाव मानाने घ्यावं. दारूही त्याने त्याच पायी सोडली, एक्क्याण्णव साली. दारूड्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, म्हणाला.

आणि विटा त्याला कळायच्या, हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावं. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. खणकन वाजल्या तर पक्क्या, ठप्प वाजल्या तर कमी भाजलेल्या. क्लिओथाला आपटायचीही गरज नसे, हातात घेतली की पुरे. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती तीन विटा जाड. बाहेरच्या अंगाला भट्टीत आगीजवळ भाजलेली, लालभडक, टणक वीट. आतल्या दोन थरांना आगीपासून लांब राहिलेली, मऊ, फिकट गुलाबी वीट. तिला आमचे लोक पोटातली वीट म्हणतात. पोटातल्या विटेने भार सोसावा, ऊन-पाऊस बघू नये. दोन घरं एकाच मधल्या भिंतीवर उभी असतात ना, त्यातलं एक पडलं की ती मधली भिंत उघडी पडते आणि पोटातली वीट चव्हाट्यावर येते. मग उरलेल्या घराचा मालक बिचारा धावतपळत त्या भिंतीला डांबर फासतो, रंग फासतो, दर दोन-तीन वर्षांनी परत फासतो. नाही फासलं तर पाणी आत मुरतं, थंडीत गोठतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं गळून पडतं. हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

वस्तीला लागून हार्लन यार्ड आहे, जुनं रेल्वेचं आवार. तिथे प्रदर्शन केंद्र होऊन तीस वर्षं झाली. बोटींचं प्रदर्शन, शेतीच्या अवजारांचं, दातांच्या डॉक्टरांचं संमेलन, चर्चवाल्यांचं अधिवेशन, सगळं तिथेच. जागा पुरेना म्हणून आणखी दोन हॉल बांधायचं ठरलं. साधे हॉल नव्हेत हं, पर्यावरण जपणारे हॉल! छतावर सौरपट्ट्या, पावसाचं पाणी साठवायला टाक्या, लोखंडाऐवजी लाकडी तुळया, आणि भिंतींना एकही नवी वीट नाही. सगळ्या विटा याच वस्तीतल्या पडक्या घरांच्या, आणि साफ करणारे हातही वस्तीतलेच. तीस वर्षांत ज्या केंद्राने आम्हाला कचरा उचलायलासुद्धा बोलावलं नाही, त्याला आमच्या विटांबद्दल प्रेमाचं असं भरतं आलं.

पास्टर ग्रेडींनी संधी साधली. चर्चच्या तळघरात बसून त्यांनी अकरा जणांची सहकारी संस्था काढली. त्यातले सात तुरुंगातून सुटून आलेले, रँडल आणि कार्टरसारखे, कुणी दारात उभं करत नव्हतं असे. आणि सगळ्यांच्या वर क्लिओथा. केंद्राने त्याला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र दिलं. त्यावर त्याचा फोटो, नाव, आणि नावाखाली छापलं होतं, ‘विटांचे जाणकार’. तो ते रविवारी चर्चमध्येसुद्धा घालून गेला.

“झोपतानाही घाल गळ्यात,” त्याची बायको आर्लिथा म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना दटावून जेवायला घालणारी बाई, तिच्या जिभेला हाड नव्हतं. “देवदूत आलेच रात्री, तर ओळखायला बरं.”

“जळतेस तू.”

“जळते कसली. मला फोटो आवडला. त्या फोटोत तू जरा तरी शहाणा दिसतोस, बिनियन.”

नव्या हॉलांचा नकाशा काढणारी बाई मिस केलर. तिशी-पस्तिशीची, हसतमुख. अकराही जणांची नावं पाठ केलेली, येताना नेहमी डोनटांचा खोका आणायची. वाईट म्हणावी अशी मुळीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. एका संध्याकाळी ती क्लिओथाला घेऊन वस्तीतून फिरली. एका मोकळ्या प्लॉटवर ती थबकली. शेजारचं घर पडलेलं, आणि उरलेल्या घराची मधली भिंत उघडी. मालक म्हातारा होऊन मेल्यापासून तिला कुणी रंग लावला नव्हता. मावळतीचं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि सगळी भिंत गुलाबी उजळली होती.

“हीच!” मिस केलर म्हणाली. “मिस्टर बिनियन, मला हीच वीट हवी. हा रंग बघा ना!”

क्लिओथाला हसू आलं. “रंग छान आहे. पण ही पोटातली वीट आहे, मिस केलर. ही बाहेर लावायची नसते. आत असते, लपून. एक घर पडलं म्हणून ही दिसतेय.”

“पण ही तर बाहेरच उभी आहे. कित्येक वर्षं.”

“उभी आहे खरी. आता जवळ या.” त्याने भिंतीवर अंगठा घासला. गुलाबी भुगा खाली सांडला. “दोन हिवाळे रंगाशिवाय गेलेत. तुम्हाला बाहेरची हवी ना? लाल देतो. खणखणीत. तुमच्या नातवंडांचं लग्न होईपर्यंत हलणार नाही.”

तिने मान हलवली, फोनवर भिंतीचे दहा-बारा फोटो काढले आणि म्हणाली, “सगळेच लाल लावतात हो.”

महिन्याभराने चित्र छापून आलं. दोन्ही हॉलांच्या बाहेरच्या भिंती गुलाबी. क्लिओथा ओळखपत्र घालून तिच्या कचेरीत गेला आणि पुन्हा तेच बोलला. या वेळी ठेकेदाराचा माणूस डेव्हलिनही बसला होता. मिस केलर म्हणाली, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पारदर्शक कोट लावणार आहोत, काळजी नको.

“कोट लावलात तर आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?” क्लिओथा म्हणाला. “जमिनीतून वर चढतं ते? वरून सांध्यातून शिरतं ते? कोंडलेलं पाणी जास्त वाईट, बाईसाहेब. थुंकी लावून घोंगडी शिवल्यासारखं होईल.”

डेव्हलिनने घड्याळाकडे पाहिलं. “म्हातारबुवा, तुम्ही इंजिनियर आहात का?”

“नाही.”

“मग विटा साफ करा. हे बघा, वस्तीतली वीट लावायचा हट्ट माझा नाही. मला तर शिकागोच्या व्यापाऱ्याकडून उद्या ट्रक मागवता येतात, त्याच्या विटांना कागद असतात. तुमच्या विटांना कागद नाही, म्हणून हे तुम्ही सही करून द्यायचं.” त्याने एक पान पुढे सरकवलं. सदर विटा तपासल्या असून बाहेरच्या भिंतीस योग्य आहेत. खाली रेघ, आणि रेघेखाली, विटांचे जाणकार. “नसेल करायची तर तसं सांगा. तुमची अकरा माणसं उद्या घरी बसतील. माझं काही अडत नाही.”

क्लिओथाने ते पान घरी आणलं. पास्टर ग्रेडींना दाखवलं. पास्टर भला माणूस, पण अकरा जणांना कामाला लावल्यापासून जरा हवेतच होते. म्हणाले, “ब्रदर बिनियन, देवाने एवढा दरवाजा उघडला आणि तुम्ही बिजागरी तपासत बसलात? छप्पर बाहेर आलेलं आहे, पाऊस भिंतीला लागणार किती?”

आर्लिथाने पान दोनदा वाचलं. “यात लिहिलंय ते खरं आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग रँडलचं काय? कार्टरचं काय? रँडलच्या पोरीला आत्ता कुठे बाप घरात दिसतोय.”

“मी रँडलचं नाही विचारलं. मी तुझं विचारतेय.”

आता इथे मी त्याची बाजू घेणार नाही. अकरा माणसांची काळजी होती, खरी होती. पण ते छापील नाव, त्याखालचे ते दोन शब्द, त्यावर त्याची नजर पुन्हापुन्हा जात होती, हेही खरं. वीटचोराला कुणी असा कागद दिला नसता. सकाळी त्याने सही केली, आणि मग आठ महिने अकरा जणांनी पडक्या भिंतींच्या पोटातून गुलाबी विटा निवडून काढल्या. ज्या लाल, टणक, शंभर वर्षं टिकणाऱ्या, त्या नेहमीप्रमाणे दक्षिणेला गेल्या.

उद्घाटन थाटात झालं. फीत कापली, बँड वाजला, शाळेच्या पोरांनी गाणी म्हटली. दाराशी पितळी पाटी लागली, तीत संस्थेचं नाव आणि खाली क्लिओथाचं. मिस केलरने त्याला व्यासपीठावर बोलावून मिठी मारली. वस्तीतली म्हातारी माणसं पोरांना भिंतीजवळ नेऊन सांगत होती, ही आपल्या आजीच्या घराची वीट. क्लिओथा भिंतीपाशी गेला, त्याने हात लावला, आणि लावला तसाच काढून घेतला. त्या दिवशी जेवायला डुकराच्या भाजलेल्या बरगड्या होत्या, बटाट्याचं सॅलड होतं. त्याने भरलेलं ताट तसंच खाली ठेवलं. आर्लिथाने पाहिलं आणि ते ताट उचलून नेलं.

पहिला हिवाळा गेला. दुसऱ्यात खालच्या थरावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायला लागलं. तो रोज सकाळी पायी चालायला जातो म्हणून सांगायचा आणि हॉलभोवती एक फेरी मारायचा. पायथ्याशी पडलेले पापुद्रे उचलून खिशात टाकायचा. वेडाच तो! जणू पापुद्रे लपवले की भिंत बरी होईल. आर्लिथाला धुण्याच्या कपड्यांत गुलाबी भुगा सापडायचा. तिसऱ्या हिवाळ्यात आठवडाभर पाऊस पडला, मग एका रात्रीत पारा इतका खाली आला की नळ फुटले. सकाळी बोटींचं प्रदर्शन भरत होतं, मागच्या दारी ट्रक लागले होते, आणि त्या दाराच्या वरचं विटांचं तोंड अख्खं सुटून खाली आलं. फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण खाली होता. त्याचा खांदा मोडला. जीव वाचला, हे नशीब.

घर फिरलं की वासेही फिरतात. वर्तमानपत्रात आलं, ‘वस्तीतल्या जुन्या विटा निकृष्ट’. आठवड्याभरात पितळी पाटी उतरली. आणि ज्यांनी पोरांना भिंत दाखवली होती तीच तोंडं न्हाव्याच्या दुकानात म्हणायला लागली, क्लिओने खराब माल गळ्यात मारला बघ, शेवटी वीटचोर तो वीटचोरच. समोर आला की गप्प. आपलंच माणूस जेव्हा असं बोलतं तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो, काय बोलणार?

मग वकील आले. केंद्राचे, ठेकेदाराचे, विमा कंपनीचे. संस्थेच्या वाट्याला एक तरुण वकील आला, मिस्टर प्रूइट. मनापासून काम करणारा. त्याने क्लिओथाला आणि आर्लिथाला बसवून सगळं सोपं करून सांगितलं.

“मिस्टर बिनियन, ते तुम्हाला एकच गोष्ट विचारणार. या विटा बाहेर लावायच्या नसतात हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर तुम्ही जाणूनबुजून खोटा कागद दिलात. फसवणूक. संस्था संपली, त्या सात जणांचं तर विचारूच नका, त्यांना साधा दंडसुद्धा परवडत नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर ती चूक. जेमतेम आठवी शिकलेल्या माणसाची प्रामाणिक चूक. अज्ञान हा गुन्हा नाही. विमा कंपनी भरपाई देईल, दुरुस्तीचं काम संस्थेकडेच राहील. डेव्हलिनसुद्धा त्याला तयार आहे.”

“मी सांगितलं होतं ना त्यांना. दोनदा सांगितलं.”

“लिहून?”

“तोंडी.”

प्रूइटने हात पसरले. “आणि मग लिहून उलटं दिलंत.”

घरी आल्यावर आर्लिथा पहिल्यांदा रडली. “काहीही सांग, बिनियन. डोळे अधू झाले म्हणून सांग. प्यायला होतास म्हणून सांग. पण ‘मला कळत नाही’ एवढं नको सांगू. लोक तुला चोर म्हणाले ते मी गिळलं, कारण तू चोर नव्हतास. हे कसं गिळू?”

“प्यायला होतो कसं सांगू? तीसहून जास्त वर्षं झाली सोडून. ते कसं खोटं सांगायचं?”

“आणि हे खरं आहे होय?”

साक्ष एका कचेरीच्या चौदाव्या मजल्यावर झाली. लांब टेबल, काचेचे पेले, कोपऱ्यात सगळं टिपून घेणारी बाई. पलीकडे मिस केलर बसली होती, थोडी वाळलेली. क्लिओथाने रविवारचा कोट घातला होता. विमा कंपनीच्या वकिलाने सौम्यपणे विचारलं, “किती वर्षं या कामात आहात?”

“सत्तेचाळीस.”

“या भिंतीतली वीट बाहेर टिकणारी नाही, हे सही करताना तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“बाहेरची वीट आणि आतली वीट यांत फरक असतो, हे माहीत होतं?”

प्रूइट खाली कागदाकडे बघत होता. क्लिओथाने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. रँडलची पोर त्याच्या डोळ्यांसमोर आणायचा तो प्रयत्न करत होता, पण तिचा चेहराच येईना.

“ऐकलं होतं. पण मला ओळखता येत नाही.”

“सत्तेचाळीस वर्षांनंतरही?”

“नाही साहेब. आम्ही नुसता चुना काढतो. विटांतलं मला काही कळत नाही.”

टिपून घेणाऱ्या बाईने ते टिपलं. वकील म्हणाला, धन्यवाद, एवढंच हवं होतं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. प्रूइटने त्याचा हात हातात घेऊन दाबला आणि संस्थेला फोन करायला गेला.

लिफ्टपाशी मिस केलर एकटीच उभी होती. त्याला बघून ती पुढे आली. “मिस्टर बिनियन, तुमच्यासाठी हे सोपं नव्हतं. खरंच आभार.”

क्लिओथाने मागे वळून पाहिलं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.

“मिस केलर, आता इथे लिहून घेणारं कुणी नाही. मला तुमच्याकडून काही नको. कुणाला सांगणारही नाही. एवढंच म्हणा, त्या संध्याकाळी त्या प्लॉटवर मी तुम्हाला म्हणालो होतो ना? ही पोटातली वीट आहे, बाहेर लावू नका. अंगठा घासून दाखवला होता भिंतीवर.”

ती विचारात पडली. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठी पडली होती तिच्या.

“तेव्हा मी इतक्या लोकांशी बोलत होते,” ती म्हणाली. “खरं सांगू? मला नाही आठवत, मिस्टर बिनियन. सॉरी.”

क्लिओथा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. खोटं बोलणारी माणसं त्याने आयुष्यभर पाहिली होती. ती खोटं बोलत नव्हती.

लिफ्ट आली. तिने दार हाताने धरून ठेवलं. “येताय ना?”

“तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला, आणि चौदा मजले जिन्याने उतरला.